चिलीची रांग

सोम. १३ जाने.
ल्यूकनहून क्लोनडॉकिन, वीस मिनिटांच्या रस्त्याला आज पन्नास लागली. पोचले तोवर टीम मीटिंग सुरू. कॉनरने सांगितलं, फोन तपासून गुण देणाऱ्या क्वालिटी लीडची जागा बाहेरून नाही, आतूनच भरणार. अर्ज महिनाअखेरपर्यंत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहायलाच हवं. स्पॅनिश टेबलावर आम्ही आठ जण, पण पत्रात कुठलं क्रियापद घालायचं हे विचारायला माद्रिदच्या दोघीसुद्धा माझ्याकडे येतात.

जेवताना सायलीला सरळ विचारलं, तू भरणार आहेस का? "मॅडम, तुमच्यासमोर मी उभी राहीन का?" असं म्हणून तिने माझ्या डब्यातली भेंडी घेतली. पुण्यात माझ्या क्लासला चार वर्षं होती, इथे या आयरिश कंपनीत माझ्याच शिफारशीने लागली, तरी अजून मॅडमच म्हणते. ऑफिसात बाकी झाडून सगळे मुग्धा म्हणतात, पंचविशीतली पोरंसुद्धा. तिचं मॅडम कानाला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

दुपारी चिलीचे तीन फोन. तिन्ही वेळा सा. शेजारी होती म्हणून निभावलं.

बुध. १५ जाने.
दुपारचे बारा वाजले की चिली जागं होतं आणि मी शेजारची खुर्ची भरलेली आहे ना ते बघते.

आपलं काम काय, तर घरी ऑक्सिजन देणाऱ्या मशीनचे फोन घेणं. मशीन का वाजतंय, फिल्टर कधी बदलायचा, नळी कुठली. फोन करणारा माणूस आधीच घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस आणखी भरभर बोलतो. नियम असा की समजलं नाही तर फोन दुसऱ्याकडे द्यायचा. पण दिला की आपल्या नावापुढे खूण पडते, आणि वर्षाअखेरीला कॉनर त्या खुणा मोजतो. म्हणून आमची पद्धत. सायली शेजारच्या खुर्चीत. तिचा फोन रिकामा असला की माझ्या लाइनवर कान लावते (नवीन लोकांना शिकवायला ते बटण आहे) आणि चॅटच्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करते. आजचं: "बाई म्हणतेय नळी गरम होते. रडतेय. आधी धीर द्या." मी धीर दिला. अस्खलित दिला. बाईंनी फोन ठेवताना माझ्या स्पॅनिशचं कौतुक केलं.

बदल्यात तिची सगळी पत्रं मी लिहून देते. तिला लेखी येत नाही असं नाही, पण कानाने शिकलेली भाषा आहे ती, कागदावर सैल पडते. फिटंफाट. दीड वर्ष चाललंय.

कोण किती अवघड याची माझी यादी डोक्यात पक्की आहे. बोगोटाचा माणूस म्हणजे पाठ्यपुस्तक. माद्रिद मला स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंमुळे घरचं. मेक्सिको गातं, पण गाता गाता सांगतं. अर्जेंटिनाचे सगळीकडे 'श' घालतात, ते एकदा कळलं की कळलं. अँडालुसियावाले शब्दाचं शेपूट खातात, डॉमिनिकनवाले धड खातात, आणि चिलीवाले ताटही ठेवत नाहीत. चिलीच्या दक्षिणेकडचे तर विचारूच नये. मला कधी कधी वाटतं ही मंडळी मुद्दाम करतात.

रवि. १९ जाने.
अर्ज लिहून झाला. अभिजितने वाचला, म्हणाला, "छान आहे, पण ऐकण्याबद्दल काहीच नाही." मी म्हटलं वीस वर्षं शिकवलंय, ऐकण्याबद्दल वेगळं कशाला लिहायचं. नवरा पुन्हा लॅपटॉपमध्ये.

सासूबाई प्रेसमधले, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातले, डबे खाली काढून पुसत होत्या आणि अकोल्याच्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होत्या. मी हो हो करत होते. मधेच थांबल्या. "तू हो हो म्हन्तं, पन आयकत नाई." लेक रेवा सोफ्यावरून न बघता (आईला इथली पोरं मॅम म्हणतात), "मॅम, आजी आस्क्ड यू समथिंग. ट्वाइस." आजीचं वऱ्हाडी या नऊ वर्षांच्या आयरिश कार्टीला बरं कळतं. विचारलं होतं की लग्नात आहेर काय पाठवायचा.

बुध. २२ जाने.
सा. रजेवर. ब्लँचर्डस्टाउनला घर बदलतेय, चावी आजच मिळणार होती. सकाळी मेसेज, "मॅडम, आज चिली आला तर सरळ दुसऱ्याकडे द्या हां. प्लीज." मी अंगठा टाकला.

आले दोन. पहिला जमला. दुसरा एक म्हातारा, दॉन एलिसेओ, कुठल्यातरी बेटावरून, मागे वारा आणि कुत्रा. बायकोचं मशीन. फिल्टरबद्दल काहीतरी. चार मिनिटं बोलला. ओघ कळला. शेवटी आभार मानले, देव भलं करो म्हणाला, म्हणजे काम झालं असावं. दिला नाही दुसऱ्याकडे. अर्ज आत गेलेला असताना खूण नको.

सोम. २७ जाने.
लिहायला हात होत नाहीये.

दॉन एलिसेओने विचारलं होतं, इथे नवा फिल्टर यायला आठवडा लागतो, तोवर जुना गरम पाण्याने धुऊन ओलाच बसवला तर चालेल का. त्याने बसवला. मशीन बंद पडलं. बायकोला बोटीने दवाखान्यात न्यावं लागलं, तीन दिवस ठेवलं. आता बरी आहे. बरी आहे, बरी आहे, हे मी कॉनरकडून तीनदा वदवून घेतलं. तो म्हणाला, "यू आर ग्रँड, मुग्धा, शी इज ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे काय ते मला आता कळतं. ग्रँड म्हणजे ठीक आहे, आता पुरे, दार लावून घे.

रेकॉर्डिंग ऐकवलं. माझाच आवाज. तो सांगतोय आणि मी दर दोन वाक्यांना, सी... सी... सी, क्लारो. हो, हो, हो, अर्थात. तो थांबला की सी. त्याने प्रश्न विचारला की सी. मी ऐकतेय एवढंच म्हणत होते! आपल्याकडे समोरचा बोलताना मख्ख बसलं तर तो विचारतो, ऐकतेस ना? आजोबांना हुंकार दिला नाही तर ते गोष्ट थांबवायचे. त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार की पुण्याची बाई हो म्हणते तेव्हा ते हो नसतं. कॉनरला समजावून पाहिलं. त्याने मान हलवली, म्हणाला, पण त्याने विचारलं चालेल का, आणि तू म्हणालीस हो.

तिथेच रडले असते, पण दिसायला नको म्हणून पाणी प्यायला गेले.

मंगळ. २८ जाने.
आज दुसरी मीटिंग, एच.आर.ची बाई पण होती. तिच्यासमोर कागदांचा गठ्ठा. वरच्याच पानावर, "बाई म्हणतेय नळी गरम होते. रडतेय." शेजारच्या रकान्यात इंग्रजी भाषांतर.

आमचं चॅट. दीड वर्षाचं.

मला वाटलं कंपनीने काढलं असेल. काढतात. पण मराठी कोण वाचणार? भाषांतर नीटनेटकं होतं, "आधी धीर द्या"सुद्धा बरोबर उतरवलेलं. मी विचारलं, कोणी केलं? एच.आर.ची बाई कॉनरकडे बघायला लागली. कॉनर चांगला माणूस आहे, खोटं बोलता येत नाही त्याला. म्हणाला, सायलीने ८ जानेवारीला ईमेल लिहिली होती. मुग्धाला चिलीच्या रांगेतून काढा, तिला कळत नाही, मी टाइप करून देते, हे असं चालू राहिलं तर एक दिवस कुणाला तरी इजा होईल. सोबत पुरावा म्हणून हे सगळं, आणि त्यानंतरचं चॅटही ती तसंच पाठवत राहिली. त्याने ते फेब्रुवारीत बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्याबद्दल तो माझी माफी मागतोय.

८ जानेवारी. आणि १३ला माझ्या डब्यातली भेंडी. १५ला शेजारी बसून टाइप करत होती, जणू काही झालंच नाही.

कॉनरने नंतर जे सांगितलं ते नीट कानात गेलं नाही. बहुतेक असं की चिलीचे फोन आजपासून बंद, दोन आठवड्यांनी चाचणी.

गुरु. ३० जाने.
सा.ला गाठलं. पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत, कारण आत काचेच्या भिंती.

मी म्हटलं, आधी मला सांगायचंस.
"सांगितलं होतं. चारदा. तुम्ही हो हो म्हणालात."
मी म्हटलं, शेजारी बसून मदत करत होतीस आणि मागून माझं भाषांतर करत होतीस. लाज नाही वाटली?
"वाटली ना. म्हणून तर टाइप करायचं थांबवलं नाही."

हे असलं काहीतरी. मग मी बोलले. पुण्यात तुला कोणी घेतलं होतं क्लासला, व्हिसाच्या वेळी माझ्या घरी पंधरा दिवस कोण राहिलं होतं, सगळं काढलं. काढायला नको होतं, पण तोंडाला लगाम राहिला नाही. ती ऐकत बसली. मग एकदम तिचं परभणीचं बोलणं बाहेर आलं, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं.

"मॅडम, मी सांगायले ते ऐका की जरा. तुम्ही मला वर्गात उभं केलतं. म्हणाल्या, स्पॅनिश बोलताना पण तू परभणीची वाटतेस. सगळे हसले. मी बी हसले. आन् तेव्हाच ठरवलं, कोणाचं बोलणं वाईट म्हणायचं नाही, जसं बोलतील तसं ऐकायचं. हिंजवडीत तीन वर्षं चिलीचे फोन घेतले मी. तुम्ही म्हणाल्या, त्यांचं ऐकू नको, कान खराब होतील."

म्हणाले होते. दोन्ही म्हणाले होते. पण एवढं मनात धरून ठेवतं का कोणी? आणि धरलं तर तोंडावर भांड, कागद कशाला जमवतेस?

ती उतरली. दार आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सोम. ३ फेब्रु.
संत ब्रिजिडच्या सणाची सुट्टी. बाहेर झिमझिम, आभाळ खाली आलेलं. अभिजितला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तिने लिहिलं ते बरोबर होतं ना?" माझ्या नवऱ्याला वेळ कधी कळायची. मी म्हटलं, बरोबर असण्याचा आणि दगा देण्याचा काही संबंध नाही. बरोबर असलेल्या माणसालाही दगा देता येतो. उलट जास्त चांगला देता येतो.

सासूबाईंनी फक्त विचारलं, "काऊन जेवली नाई?" आणि ताट झाकून ठेवलं.

माझं काय होतं ते सांगता येत नाही कुणाला. नोकरी जाणार नाही, ते कॉनरने स्पष्ट केलंय. चाचणीत दहापैकी सहा मिळाले तर फोन चालू. नाही मिळाले तर कायमची ईमेलवर. म्हणजे तोंडाने स्पॅनिश बोलणं संपलं. एकोणीस वर्षांची असताना ही भाषा घेतली, घरचे म्हणत होते जर्मन घे, नोकरी लागेल. वीस वर्षं मान ताठ ठेवली ती हिच्या जोरावर. क्लासच्या बोर्डावर माझं नाव होतं. आणि ही भाषा मला म्हणते, तू पाहुणी आहेस, ओसरीवर बस. सायलीपेक्षा हिचाच राग जास्त येतो कधी कधी.

शुक्र. ७ फेब्रु.
क्वालिटी लीड: सायली. अर्ज शेवटच्या दिवशी भरला म्हणे. कॉनरने सांगितल्यावर टाळ्या. मीही वाजवल्या. हात वाजत होते.

आणि त्यावर कळस. दॉन एलिसेओला माफीचं पत्र पाठवायचं, ते "टेबलावर सर्वांत चांगलं लिहिणाऱ्याने" लिहावं. म्हणजे मी. सही लीडची. चूक माझी, भाषा माझी, नाव तिचं. लिहिलं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं पत्र लिहिलं, रागाने. वाचून सा. म्हणाली, "मॅडम, यात मी एक शब्दही बदलणार नाही." मी पेन पुढे केलं. तिने सही केली आणि खाली स्वतःहून माझं नाव घातलं. ते मला नंतर दिसलं. उपकार नकोत तिचे.

मंगळ. ११ फेब्रु.
उद्या चाचणी. चिलीचे तीन खरे फोन, चॅट बंद, दुसऱ्याकडे देणं बंद. परीक्षक कोण, तर नियमाप्रमाणे क्वालिटी लीड. कॉनरला म्हटलं, दुसरं कोणी नाही? म्हणाला, चिलीचं कळणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? खरंच नाही.

गाडीत येता-जाता चिलीचा रेडिओ लावतेय आठवडाभर. रेवा मागून, "मॅम, आर दे फाइटिंग?" नाही गं, हवामान सांगतायत.

बुध. १२ फेब्रु.
झाली.

पहिला फोन सँतियागोची नर्स. नीट गेला. दुसरा एका आजीचा. मी चारदा म्हटलं, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं, शिकवलं मात्र पहिल्या धड्यात. आजी चिडली नाही. हळू बोलली, मग मोठ्याने बोलली, मग हसली. बटण कुठलं ते सापडलं. फोन ठेवला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, साधा, बक्षीस मिळाल्यासारखा.

तिसरा खाणीतला माणूस. त्याच्या वडिलांचं मशीन. पहिली दोन मिनिटं नीट. मग तो घाईत आला, मी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं धैर्य झालं नाही. तो सुस्कारे टाकायला लागला होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सी. एकदाच. मग पुढे त्याच्या बोलण्यावरून अंदाज बांधला, सांगितलं ते बरोबर निघालं. बरोबर निघालं हे नक्की, नंतर तपासलं. पण ते सी म्हणताना मला काहीही कळलेलं नव्हतं.

कॉनरला स्पॅनिश येत नाही. तो अंगठा दाखवून गेला. ते एक सी फक्त दोघींना माहीत आहे, मला आणि हेडफोन लावून बसलेल्या तिला. तिने मान वर केली नाही.

गुरु. १३ फेब्रु.
सायली जेवणाच्या वेळी माझ्या टेबलाशी आली. हातात फॉर्म. वरची सगळी घरं भरलेली, शेवटचं रिकामं. एकूण गुण.

बसली नाही. म्हणाली, "मॅडम, मला ठरवता येईना गेलंय. पाच दिले तर म्हणाल सूड घेतला. सात दिले तर तुम्हालाच पटणार नाही. तुम्ही सांगा काय देऊ. जे सांगाल ते लिहिते."

मी म्हटलं, हा कुठला न्याय? परीक्षक तू आहेस.

"हो. पण तुम्ही आजवर कोणाला खोटे मार्क दिले नाहीत. मला तर कधीच नाही."

इतका राग आला. ईमेलचा आला नव्हता, त्या गठ्ठ्याचा आला नव्हता, लीडच्या टाळ्यांचा आला नव्हता. मागून वार केला तो केला, आता समोर येऊन माझाच हात धरून करायला लावतेय. नाहीतर हा तिचा मान असेल माझ्याबद्दलचा, खरा. तेच कळत नाहीये. आणि तेच मला विचारता आलं नाही तिला.

आकडा मला माहीत आहे, सहाच्या खालचा. त्या तिसऱ्या फोननंतर हेडफोन काढायच्या आधीच माहीत होता. वीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याला त्याहून अर्धा गुण जास्त दिला नसता.

उद्या सांगते, म्हटलं. ती फॉर्म माझ्याच टेबलावर ठेवून गेली, पेन्सिलसकट. कॉनरला तो उद्या बाराच्या आत हवाय. सोबत घरी आणलाय, आत्ता या वहीखाली आहे.